"सर, नर्सिंग का नाही आलं?" : करिअर मार्गदर्शनाच्या संगणकीय प्रणालींबद्दल

प्रश्न थोडक्यात असा: एका ग्रामीण शिक्षणसंस्थेसाठी दोन तरुण प्रोग्रामर नववी ते बारावीच्या मुलांकरता मराठीतून करिअर मार्गदर्शनाची प्रणाली बनवताहेत. साठ प्रश्नांची आवड-चाचणी, त्यावरून विद्यार्थ्याचा 'प्रकार', प्रकारावरून व्यवसायांची यादी आणि शेवटी रंगीत पीडीएफ अहवाल, असा त्यांचा आराखडा आहे. अशा प्रणाली जगात कशा घडत गेल्या आणि त्यातून आपण काय घ्यावं, असं त्यांनी विचारलंय. मी सव्वीस वर्षं शाळा-कॉलेजांत समुपदेशन करतोय. दोनदा अशी प्रणाली बांधायला हातभार लावला, त्यातल्या पहिल्या वेळी सपशेल आपटलो. तिथूनच सुरुवात करतो.

२००४ च्या आसपास एका संस्थेसाठी आम्ही व्हिज्युअल बेसिक आणि अ‍ॅक्सेसमध्ये प्रणाली केली होती. १८० व्यवसाय, २२ प्रश्न. तालुक्याच्या गावी एका हायस्कूलच्या संगणक कक्षात ती पहिल्यांदा लावली. दहावीतली एक मुलगी बसली होती, आई तिच्या खुर्चीमागे उभी. पडद्यावर प्रश्न आला: 'शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी बाहेरगावी राहायची तयारी आहे का?' मुलीनं मागे न बघताच 'नाही' दाबलं. सगळे प्रश्न संपल्यावर यादी आली. सात व्यवसाय. शिवणकाम, बालवाडी शिक्षिका, ब्यूटी पार्लर, त्याच जातीचे. ती जरा वेळ पडद्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "सर, नर्सिंग का नाही आलं?"

मला उत्तर देता येईना. प्रणाली माझी, प्रश्न मी लिहिलेले, आणि तिला सांगायला माझ्याकडे एक वाक्य नाही. रात्री लॉजवर बसून आमच्या प्रोग्रामरनं क्वेरी उलगडली तेव्हा कळलं, त्या एका 'नाही'नं १३१ व्यवसाय गाळून टाकले होते. विषयांची आवड, माणसांत राहून काम करायची तयारी, सगळं नर्सिंगशी जुळत होतं. तिला फक्त एवढं सांगायला हवं होतं की 'बाहेरगावी'चं उत्तर बदललंस तर नर्सिंग येतं, आणि मग आई, ती आणि मी मिळून त्या एका उत्तरावर बोललो असतो. दुसऱ्या दिवशी रविवार होता, सोमवारी आम्ही पुढच्या गावी.

पुढे वाचताना कळलं की हा प्रश्न तीसेक वर्षांपूर्वीच अमेरिकेत ओरेगॉन राज्यात सोडवून झाला होता. ओरेगॉन विद्यापीठात ब्रूस मॅकिन्ले यांच्या पुढाकारानं १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला राज्यभरासाठी एक करिअर माहिती प्रणाली उभी राहिली. तिच्यात 'क्वेस्ट' नावाची वीस-पंचवीस प्रश्नांची छोटी प्रश्नावली होती आणि उत्तरांवरून व्यवसायांची यादी निघायची. इथवर तुमच्यासारखंच. पण यादी आल्यावर विद्यार्थी कुठल्याही व्यवसायाचं नाव देऊन 'का' असं विचारू शकत असे. तो व्यवसाय कुठल्या उत्तरामुळे यादीबाहेर गेला ते यंत्र सांगायचं. मग उत्तर बदलून पुन्हा यादी मागवायची. एवढीशी सोय! माझ्या मते या सगळ्या क्षेत्रातली सगळ्यात मोलाची गोष्ट तीच, आणि आजच्या बहुतेक अ‍ॅपमधून नेमकी तीच गायब आहे.

आता जरा मागे जाऊ.

या विद्येचा मूळपुरुष फ्रँक पार्सन्स. १९०८ मध्ये बॉस्टनला त्यानं व्यवसाय मार्गदर्शन केंद्र सुरू केलं आणि त्याच वर्षी तो वारला. त्याची मांडणी तीन पायऱ्यांची: स्वतःला ओळखा, कामाचं जग ओळखा, आणि दोन्हींची सांगड डोळसपणे घाला. यंत्र आलं ते पहिल्या पायरीवर, तेही फक्त गुण मोजायला. एडवर्ड स्ट्राँग यांच्या १९२७ च्या आवड-चाचणीत चारशेच्या आसपास प्रश्न होते आणि प्रत्येक व्यवसायाची तपासणीची किल्ली वेगळी, म्हणजे एकेका मुलाचा पेपर तपासायला कारकुनाचा घाम निघायचा. १९३८ मध्ये आयबीएमचं ८०५ हे यंत्र आलं. पेन्सिलीतल्या ग्राफाइटमधून वीज वाहते, या साध्या गोष्टीवर ते उत्तरपत्रिका वाचायचं. ओएमआरची गोलं काळी करणारी आपली मुलं त्याच वंशातली. (याच स्ट्राँग चाचणीत मुलांची आणि मुलींची पत्रिका वेगळी असायची, ती १९७४ मध्ये एक झाली. चाचणी म्हणजे निखळ विज्ञान असं वाटायला लागलं की मी हे आठवतो.)

म्हणजे १९६० पर्यंत यंत्र मोजत होतं, बोलत नव्हतं. टाइम-शेअरिंग आलं, एका मोठ्या संगणकाला अनेक टर्मिनलं जोडता येऊ लागली, तेव्हा कुठे मुलगा आणि यंत्र यांच्यात प्रश्नोत्तर शक्य झालं. पाचेक वर्षांत तीन महत्त्वाचे प्रयोग सुरू झाले, आणि तिघांचा स्वभाव अगदी निरनिराळा.

हार्वर्डमध्ये डेव्हिड टिडेमन यांनी १९६६ मध्ये सर्वांत महत्त्वाकांक्षी प्रकल्प हाती घेतला. त्यांचं म्हणणं असं की यंत्रात असतो तो नुसता कच्चा माल; विद्यार्थी स्वतःच्या निर्णयाच्या संदर्भात त्याचा अर्थ लावतो तेव्हाच त्याची 'माहिती' होते. म्हणून यंत्रानं निर्णय द्यायचा नाही, निर्णय कसा घेतोस याकडे मुलाचं लक्ष वेधायचं. विचार फार पुढचा होता. १९६९ मध्ये पैसे संपले आणि प्रकल्पही. तरी माझ्या टेबलावर आजही एखादा पालक तीस पानांचा अहवाल आणून ठेवतो आणि "यात काय लिहिलंय ते सांगा" म्हणतो, तेव्हा टिडेमन आठवतात.

दुसरा प्रयोग गरिबाघरचा, आणि मला तो जास्त आवडतो. इलिनॉयमधल्या व्हिला पार्क गावच्या विलोब्रुक हायस्कूलमध्ये जोअ‍ॅन हॅरिस (नंतर हॅरिस-बोल्सबी) यांनी शाळेच्याच कामाचा आयबीएम ३६० संगणक वापरला. वेळापत्रक आणि गुणपत्रकं करणाऱ्या यंत्रावरच मार्गदर्शन. त्यामुळे मुलाचे खरे गुण यंत्राकडे आधीच होते, आणि त्याचा त्यांनी फार सुंदर उपयोग केला. यंत्र आधी मुलालाच विचारायचं, वर्गात तुझा नंबर साधारण कुठे लागतो असं तुला वाटतं? मग नोंदीशी ताडून पाहायचं. फरक असला तर तसं सांगायचं, की तू म्हणतोस त्यापेक्षा नोंद वेगळी दिसतेय, समुपदेशकाशी बोलून बघ. परीक्षेचा निकाल ऐकवणं आणि मुलाच्या स्वतःबद्दलच्या अंदाजाला आरसा दाखवणं यात केवढा फरक आहे! त्यांचीच पुढची प्रणाली म्हणजे 'डिस्कव्हर', जी पुढे अमेरिकेत शेकडो शाळा-कॉलेजांत गेली.

तिसरा प्रयोग एज्युकेशनल टेस्टिंग सर्व्हिस या अमेरिकेतल्या परीक्षा-संस्थेतल्या मार्टिन कॅट्झ यांची 'सिगी' ही प्रणाली. यावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण तुमच्या आराखड्यात जे नाही ते इथे आहे.

कॅट्झ यांनी आवड हा पाया मानलाच नाही. त्यांनी मूल्यांपासून सुरुवात केली. उत्पन्न, प्रतिष्ठा, स्वातंत्र्य, इतरांना मदत, स्थैर्य, विविधता, नेतृत्व, आवडीचं क्षेत्र, फुरसत, लवकर कमावतं होणं, अशी दहा. विद्यार्थ्यानं प्रत्येकाला ० ते ८ वजन द्यायचं. साहजिकच सगळे सगळ्यालाच सात-आठ देतात. मग यंत्र त्याला खेळवायचं. ही बघ एक नोकरी, पगार भरपूर पण सुट्टी नाही; ही दुसरी, सुट्टी आहे पण पगार बेताचा. कुठली घेशील? आधी फुरसतीला आठ दिलेस आणि आता पगाराची नोकरी घेतलीस, हे कसं? असं चार वेळा पेचात पकडून झालं की शेवटी सांगायचं, आता एकूण ४० गुणांतच भागव. एकाला वाढवायचं तर दुसऱ्याचं कमी कर.

मग प्रत्येक व्यवसाय ते ते मूल्य कितपत पुरवतो याला १ ते ४ गुण, दोन्हींचा गुणाकार आणि बेरीज. कागदावर करून बघा. समजा एका मुलानं स्वातंत्र्याला ७ आणि स्थैर्याला २ दिले. सरकारी कारकुनी समजा स्वातंत्र्य २, स्थैर्य ४ अशी. स्वतःचं गॅरेज स्वातंत्र्य ४, स्थैर्य १. कारकुनीचे झाले १४ अधिक ८, म्हणजे २२. गॅरेजचे २८ अधिक २, म्हणजे ३०. आता तोच मुलगा घरी जाऊन, वडिलांचं कर्ज आठवून, स्वातंत्र्य ४ आणि स्थैर्य ५ करतो. कारकुनी २८, गॅरेज २१. पारडं फिरलं. आकडे अंदाजाचे आहेत, ते क्षणभर सोडा. पारडं कशामुळे फिरलं हे त्याला डोळ्यांनी दिसलं. हीच ओरेगॉनची 'का' वेगळ्या वेशात.

सिगीतली आणखी एक गोष्ट म्हणजे अंदाज. अमुक अभ्यासक्रमाच्या कळीच्या विषयात तुला कितपत गुण मिळतील, हे सांगायला ती त्याच कॉलेजातल्या आधीच्या विद्यार्थ्यांची आकडेवारी वापरायची. तुमच्या संस्थेकडे गेल्या दहा-बारा वर्षांच्या मुलांची नोंद असेलच. कोण आयटीआयला गेलं, कोण डिप्लोमा अर्धवट सोडून आलं, कोण कुठे लागलं. ही आकडेवारी तुम्हाला कुठलीही कंपनी विकत देऊ शकत नाही.

ब्रिटनमध्ये वेगळीच वाट झाली. लेस्टरशरचं 'कॅसकेड' १९६९ मध्ये सुरू झालं, एडिनबरा विद्यापीठातून 'जिग-कॅल' आलं. मुलांनी वर्गात फॉर्म भरायचे, ते टपालानं मोठ्या संगणकाकडे जायचे, काही दिवसांनी छापील कागद परत यायचे. टर्मिनल परवडत नव्हतं म्हणून ही तजवीज. पण कागद येईपर्यंत मुलगा विचार करायचा, आणि आला की शिक्षकांसोबत बसून वाचला जायचा. तत्काळ निकाल नसण्याचाही फायदा असतो, हे मला आपल्याकडच्या मोबाइल चाचण्या बघून पटलंय. शेवटचा प्रश्न संपतो, अहवाल उघडतो, मुलं एकमेकांचे प्रकार विचारून हसतात, तास संपतो.

१९८० च्या दशकात सगळं मायक्रोकॉम्प्युटरवर आलं, मग सीडीवर, मग इंटरनेटवर. यंत्रं बदलली, आतला मसाला फारसा बदलला नाही. म्हणून ती पंधरा-वीस वर्षं ओलांडून पुढे जातो.

इंटरनेटच्या काळातली खरी मोठी घटना म्हणजे ओ-नेट. अमेरिकेच्या कामगार खात्यानं १९३९ पासून व्यवसायांचा एक जाडजूड कोश चालवला होता. त्याच्या जागी १९९८ मध्ये हा डेटाबेस आला. प्रत्येक व्यवसायाला लागणारी कौशल्यं, कामाची परिस्थिती, मूल्यं, मानसशास्त्रज्ञ जॉन हॉलंड यांनी आवडींवरून माणसांचे आणि कामांचे जे सहा प्रकार पाडले त्यांतले गुण, सगळं फुकट आणि मुक्त परवान्यावर. साठ प्रश्नांची आवड-चाचणीही सोबत. तुमच्या आराखड्यातले साठ प्रश्न तिथूनच आलेत, बरोबर ना? जगभरातल्या असंख्य अ‍ॅपचं पोट याच चुलीवर भरतं.

यात वाईट काही नाही, पण भाषांतर करण्याआधी थांबा. त्या साठांत दुसराच प्रश्न विटा रचण्याचा किंवा फरशी बसवण्याचा आहे. हे काम तुला आवडेल का? गवंड्याच्या मुलानं 'अजिबात नाही' लावलं. मी विचारलं, का रे? म्हणाला, "बापाचे हात बघितलेत सर." त्याला बांधकाम आवडत नाही असं नाही. घराचे नकाशे तो वहीच्या मागच्या पानांवर काढत असतो. पण चाचणीनं त्याचा तांत्रिक गुण कमी केला. अमेरिकेतल्या उपनगरातला मुलगा तोच प्रश्न वाचून शनिवार-रविवारची हौस डोळ्यांसमोर आणतो. आपल्याकडे हाताच्या कामाच्या प्रश्नाला उत्तर देताना मुलगा आवड सांगत नसतो, घर सांगत असतो. प्रश्न मराठीत आणाल, पण त्यामागचा अनुभव कसा आणणार? म्हणून भाषांतर करू नका, नव्याने लिहा. मोटारीचं पाणी न चढण्याचं कारण शोधणं, गणपतीच्या मखराचा सांगाडा उभा करणं, बचत गटाचा हिशेब लिहिणं, मुलांनी केलेलं किंवा जवळून पाहिलेलं असं काम घ्या. मग वीस-तीस मुलांसमोर एकेक प्रश्न मोठ्यानं वाचा आणि त्यांना काय समजलं ते विचारा. दोन दुपारी जातील.

आपल्याकडे हे अगदीच कोरं पान नाही. ज्ञान प्रबोधिनीसारख्या संस्थेत १९६२ पासून मानसशास्त्रीय चाचण्यांची परंपरा आहे. २०१६ मध्ये राज्यात दहावीच्या लाखो मुलांची कल चाचणी संगणकावर झाली, पुढे ती मोबाइलवरही आली. त्यातल्या क्षेत्रांत 'गणवेशधारी सेवा' होतं, ते मला फार आवडलं; पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुलांच्या राज्यात ते हवंच, आणि हॉलंडच्या सहांत ते कुठे शोधणार? २०१५ पासून केंद्राचं नॅशनल करिअर सर्व्हिस पोर्टल आहे. २०१५ चंच राष्ट्रीय व्यवसाय वर्गीकरणही आहे, आठ अंकी संकेतांकांसह. मात्र त्यात कामाचं वर्णन मिळेल, ओ-नेटसारखे आवडीचे आणि मूल्यांचे गुण मिळणार नाहीत. ते तुम्हालाच द्यावे लागतील. १८० व्यवसाय नकोत, ६० घ्या, पण प्रत्येकासाठी ते काम करणाऱ्या दोन माणसांशी बोला.

मग ती माहिती ताजी ठेवणं. बहुतेक प्रणाली इथे मरतात. २०२३ मध्ये 'बीबीए, बीसीए: बारावीनंतर थेट प्रवेश' असं लिहून ठेवलेली प्रणाली २०२४ मध्ये खोटी ठरली, कारण हे अभ्यासक्रम एआयसीटीईकडे (तंत्रशिक्षणाची केंद्रीय परिषद) गेले आणि राज्यात सीईटी आली. वर काही कॉलेजांनी अभ्यासक्रमाचं नावच बदलून सीईटीतून वाट काढली, तेही प्रणालीला ठाऊक हवं. ओरेगॉनवाल्यांनी हे आधीच ओळखलं होतं. वापरणाऱ्या शाळांची वर्गणी घ्यायची आणि तिच्यातून माहिती सांभाळणारी माणसं ठेवायची, अशी त्यांची घडी होती. तुमच्या अंदाजपत्रकात सॉफ्टवेअरला किती आणि दरवर्षी जून-जुलैत माहिती तपासणाऱ्या माणसाला किती, ते बघा. दुसरा रकाना रिकामा असेल तर प्रणाली दोन वर्षांची सोबतीण समजा.

'का' या प्रश्नाची सर्वांत नेटकी मांडणी जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातल्या इटामार गाटी यांनी केली. त्यांनी १९८६ मध्ये टप्प्याटप्प्यानं गाळत जाण्याची पद्धत मांडली आणि नंतर तिच्यावर इंटरनेटवरची प्रणाली उभी केली. तिथे प्रत्येक बाबीत दोन गोष्टी विचारतात: तुला काय हवंय, आणि त्याखाली कुठवर चालवून घेशील. आमच्या २२ प्रश्नांत दुसरा भाग नव्हता. त्या मुलीला 'बाहेरगावी राहणं नको, पण जिल्ह्याच्या ठिकाणी हॉस्टेल असेल तर चालेल' असं म्हणायला जागाच नव्हती. शिवाय गाटींच्या प्रणालीत 'थोडक्यात हुकलेले' पर्याय वेगळे दाखवतात, अमुक का नाही ते विचारता येतं, आणि हे उत्तर बदललं तर काय होईल तेही बघता येतं. आमच्या दुसऱ्या प्रणालीत आम्ही हे तिन्ही घेतलं. मुलांचा सर्वाधिक वेळ 'थोडक्यात हुकलेले'वर जातो, मुख्य यादीवर नाही.

चॅटबॉट लावावा का, हेही तुम्ही विचारलंय. माहिती सोप्या मराठीत समजावून द्यायला लावा. पण 'नर्सिंग का नाही आलं' याचं उत्तर त्याच्यावर सोडू नका. तो कारण देईल, छान गोड मराठीत देईल, पण ते तुमच्या गणितातलं कारण असेलच असं नाही. ते कारण कोडमधूनच, जसंच्या तसं, बाहेर आलं पाहिजे.

आणि समुपदेशक. २००३ मध्ये व्हिस्टन आणि सहकाऱ्यांनी अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले. माणसाशिवाय एकट्या यंत्रावर सोडलेलं मार्गदर्शन फिकं पडतं, यंत्राला समुपदेशनाची जोड मिळाली की परिणाम वाढतो, असं त्यात दिसलं. तुमच्या संस्थेत समुपदेशक नसेल तर दोन शिक्षकांना पाच दिवस तयार करा आणि अहवालाच्या आधी प्रणालीनं थांबावं अशी सोय ठेवा. 'तुझी यादी तयार आहे, सरांकडे किंवा मॅडमकडे जाऊन उघड.'

शेवटी एक काम सांगतो, कोडची एक ओळ लिहिण्याआधी करायचं. ओरेगॉनमध्ये ज्या शाळांकडे संगणक नव्हता त्यांच्यासाठी हीच प्रणाली सुईवर चालायची. प्रत्येक व्यवसायाचं एक कार्ड, कार्डाच्या कडेनं भोकं, एकेक भोक एकेका उत्तराचं. मी शिक्षकांच्या कार्यशाळेत तसं करतो. व्यवसाय त्या उत्तराला जुळत असेल तर भोक कडेपर्यंत कापून खाच करायची, जुळत नसेल तर तसंच ठेवायचं. गठ्ठा एकत्र धरून स्वेटर विणायची सुई भोकातून घालायची आणि उचलायची. खाच असलेली कार्डं खाली पडतात, ती पुढच्या सुईला. उरलेली सुईलाच लटकून राहतात. नर्सिंग कुठल्या सुईवर अडकलं ते कुणाला विचारावं लागत नाही, समोर लटकलेलं असतं. साठ कार्डं, बारा भोकं, दहा मुलं बसवा आणि ती कुठल्या सुईपाशी थांबून वाद घालतात ते लिहून घ्या. साधा कागद घेऊ नका, दुसऱ्या-तिसऱ्या मुलापर्यंत भोकं फाटतात. लग्नपत्रिका छापणाऱ्याकडे जाड कागदाच्या कापून उरलेल्या पट्ट्या पडलेल्या असतात, तो बहुतेक पैसेही घेत नाही.